नळीचा मान

शेठच्या पंगतीत सगळ्यात मोठा मान नळीचा. नळी म्हणजे बोकडाच्या मांडीचं हाड, आत मगज भरलेलं. खाटकाला आधीच सांगून ठेवायचं, की एक नळी तोडू नकोस, अख्खी दे. मटण शिजलं की मी ती वेगळ्या वाटीत काढते, वर रस्सा घालते आणि झाकून ठेवते. जेवणाला आलेल्या नव्या पाहुण्यानं सांगितलेली गोष्ट सगळ्यांना भारी वाटली, तर ती नळी मी त्याच्या ताटात वाढायची. नाही वाटली तर नळी शेठ खातात. असा तिथला नियम.

मढच्या पुढं माळशेजच्या रस्त्याला लागून शेठचं फार्महाऊस आहे. शेठ पुण्याचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी तिथं दहा-बारा पुरुष जेवायला जमतात. कोणी जुन्नरचे, कोणी मंचरचे, कोणी पुण्याहून येतात. एक वकील आहेत, ते सारखे चेष्टा करतात. एक कापडाचे व्यापारी आहेत, ते मटणाला शिवत नाहीत, त्यांच्यासाठी मी वेगळ्या भांड्यात डाळ-ढोकळी करते आणि ते ती टेबलाच्या टोकाला बसून खातात. बाईमाणसाला त्या टेबलावर जागा नाही. एकदा एकाची बायको चुकून बरोबर आली होती, तर तिला माझ्याजवळ स्वयंपाकघरात बसवलं. ती बिचारी दोन तास मोबाईल बघत बसली.

दर वेळी कोणीतरी एक नवा पाहुणा आणतो. त्याचं नाव, गाव, धंदा काही विचारायचं नाही. आधी त्यानं गोष्ट सांगायची. गोष्ट त्याच्या स्वतःच्या आयुष्यात घडलेली पाहिजे आणि तिचा उलगडा झालेला नसला पाहिजे. गोष्ट आवडली तर सगळे स्टीलचे पेले टेबलावर वाजवतात. मग नळी.

मी तिथं पाच वर्षं स्वयंपाक करते. हे सगळं मी कधी कोणाला सांगितलं नाही. मला बोलताच येत नाही चारचौघांत. लहानपणी माहेरी, डिंगोऱ्याला, शाळेत गुरुजींनी उभं केलं की मला घाम फुटायचा. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा मला वाईटच वाटलं नव्हतं, एवढी मी लाजाळू. पण पोरीची अर्धी कोरी वही सापडली आहे, तर लिहिते. वहीपुढं घाम फुटत नाही.

त्या लोकांची मला किळस येते. आधी वाटायचं, मोठ्या लोकांची रीत अशीच असेल. ते हाडं चोखून टेबलावरच ठेवतात, ताटात नाही. जेवून झालं की ताटातच हात धुतात, आणि ते खरकटं पाणी, त्यात तरंगणारी तर्री, मी उचलून न्यायची. कोणी भाकरीच्या तुकड्यानं मिशा पुसतो. कोणी ढेकर देतो आणि बाकीचे हसतात. हे सगळं चालू असताना गोष्ट चाललेली असते, आणि गोष्टीत कोणीतरी मेलेलं असतं.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की त्यांच्या गोष्टींत भूत नेहमी बाईच असते. बाळंतपणात मेलेली, विहिरीत पडलेली, नवऱ्यानं टाकलेली. एकानं आमच्याच बाजूच्या एका विहिरीची गोष्ट सांगितली. भर बाराला त्या विहिरीतून बांगड्या वाजतात म्हणे. पेले खूप वाजले. ती विहीर मला माहीत होती. ती पोर माझ्याच वयाची होती. ती विहिरीत कशी गेली हे आसपासच्या चार वाड्यांतल्या सगळ्या बायकांना माहीत आहे. त्यात उलगडा न झालेलं काही नाही. मी त्या दिवशी नळी वाढून आले आणि मोरीत दोनदा हात धुतले.

पण मला लिहायचं आहे ते दुसरंच.

सहा वर्षांपूर्वी आवणीच्या दिवसांत आम्ही दोघं रस्त्याखालच्या खाचरात भात लावत होतो. दुपारची वेळ होती, पण धुकं इतकं दाट की चार हातांवरचं दिसत नव्हतं. ह्यांना बांधावर घोणस चावली, डाव्या पायाला, घोट्याच्या वर. मी लुगड्याची कड दातानं फाडली आणि पायाला बांधली. माझ्या आईनं सांगितलं होतं की रक्त चोखून थुंकावं, तसं मी केलं. पुढं डॉक्टर म्हणाले, असं करायचं नसतं. तेव्हा मला तेवढंच माहीत होतं. ह्यांना बांधावर निजवून मी रस्त्यावर पळाले.

रविवार होता. घाटात फिरायला आलेल्यांच्या गाड्या जात होत्या. एकही थांबली नाही. किती गेल्या ते मला सांगता येणार नाही. शेवटी आळ्याकडं जाणारा दुधाचा टेम्पो आला, त्या माणसानं कॅन बाजूला सारून ह्यांना निजवलं. ओतूर, तिथून नारायणगाव, तिथून पुणे. जीव वाचला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

आमची सासू, मी तिला आत्या म्हणते, ती पहिल्या दिवसापासून म्हणायची, “हिनं हात तरी केला आसंल का गाडीला? हुभी ऱ्हायली आसंल कडंला, पदर सावरीत.” भाकऱ्या थापताना म्हणायची, भांडी घासताना म्हणायची, दारात कोणी पाहुणं आलं की त्यांना सांगायची. मी पहिल्यांदा सांगितलं की मी मधोमध उभी होते, दोन्ही हात वर केले होते. आत्या म्हणाली, “तू? तू दुकानात मीठ मागाय लाजतीस.” ते खरंच होतं.

हे कधी काही म्हणाले नाहीत. पण दवाखान्यातून आल्यावर एकदा तापात होते, तेव्हा डोळे मिटूनच म्हणाले, “हात तरी करायचा व्हता गं.”

त्यानंतर मी कोणाला काही सांगितलं नाही. आणि खोटं कशाला लिहू, दोन-तीन वर्षांनी मलाच खात्री वाटेनाशी झाली. मी डोळे मिटून तो रस्ता आठवायची, तर मला मी कडेला उभी दिसायची. पदर सावरताना. आत्यानं सांगितलेलंच मला दिसायला लागलं होतं.

एका पायावर शेती होईना. मग शेठच्या फाटकावर ह्यांना काम मिळालं आणि मला स्वयंपाकाचं. पंगतीच्या दिवशी सगळ्या गाड्या आत आल्या की हे फाटक लावून मागच्या दाराशी येऊन बसतात, लसूण सोलतात, कांदे चिरून देतात. तिथून आतलं सगळं ऐकू येतं.

गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी वकिलांनी एक पाहुणा आणला. पन्नाशीचा, गोरा, बोटात दोन अंगठ्या, बोलायला गोड. मी भाकरी वाढायला गेले तर “थँक्यू मावशी” म्हणाला. तसं तिथं कोणी म्हणत नाही. मला तो बरा वाटला, हेही लिहून ठेवते.

मटण वाढून झाल्यावर त्यानं गोष्ट सुरू केली. मी रश्शाचं पातेलं घेऊन दाराशी उभी होते.

तो म्हणाला, काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात तो बायकोला घेऊन माळशेजला चालला होता. दुपारचे बारा वाजले होते. मढच्या अलीकडं रस्त्यावर एवढं धुकं, की दिवे लावावे लागले. आणि एका वळणावर त्या धुक्यात एक बाई उभी. रस्त्याच्या अगदी मधोमध. डोक्यावरून पांढरं काहीतरी खालपर्यंत आलेलं. दोन्ही हात आभाळाकडं वर केलेले.

कोणीतरी विचारलं, पांढरं म्हणजे काय, साडी? तो म्हणाला, साडी नाही, कफनासारखं.

खताची गोणी होती ती. पांढरी गोणी एका कोपऱ्यातून आत दुमडली की तिची खोळ होते, आम्ही सगळ्या बाया आवणीला डोक्यावर तीच घेतो. हे मला लगेच कळलं, पण तो माझंच बोलतो आहे हे अजून कळलं नव्हतं. मला वाटलं, कोणीतरी बाई असेल बिचारी.

पुढं तो म्हणाला, त्यानं गाडी हळू केली. बाई बाजूला आली, त्याच्या काचेपाशी. तिच्या तोंडाला रक्त लागलं होतं, हनुवटीपर्यंत. लुगड्याची फाटकी चिंधी लोंबत होती. आणि तिला पाय नव्हते. गुडघ्याखाली नुसता रस्त्याचाच रंग. ती तोंड उघडत होती, मिटत होती, पण आवाज येत नव्हता.

“काच बंद व्हती का?” हे मी मनातच म्हणाले.

तेच कापडवाल्या व्यापाऱ्यांनी मोठ्यानं विचारलं. तेवढा एकच माणूस त्या टेबलावर नीट ऐकत होता. पाहुणा म्हणाला, अर्थात बंद, एसी चालू होता, गाणी लावली होती. पण आवाज यायला पाहिजे होता थोडा तरी. वकील म्हणाले, “अहो, मध्ये शंका काढायच्या नाहीत, नियम आहे.” आणि व्यापारी परत आपल्या ढोकळीकडं वळले.

मग पाहुण्यानं सांगितलं, की त्याची बायको म्हणायला लागली, थांबा, काहीतरी झालंय, दार उघडा. “बायका भोळ्या असतात,” तो म्हणाला, “तिच्यावर लगेच भूल पडली. मी गाडी दाबली.” बाईनं काचेवर थाप मारली. घाट लागल्यावर त्यानं पाहिलं, तर काचेवर चिखलाचा पंजा उमटला होता, आणि त्या पंजाला बोटं साडेचार होती. करंगळीच्या शेजारचं बोट अर्धंच. पुढच्या देवळापाशी त्यानं गाडी थांबवली, नारळ फोडला, पाण्यानं काच धुतली, आणि महिन्याभरात ती गाडी काढून टाकली.

माझं करंगळीच्या शेजारचं बोट अर्धं आहे. डिंगोऱ्याला बापाच्या गोठ्यात कडबाकुट्टीत गेलं, मी दहा वर्षांची होते तेव्हा. म्हणून मी वाढताना उजवा हात नेहमी पदराखालून काढते आणि लगेच आत घेते. पाच वर्षांत त्या टेबलावरच्या कोणी ते बोट पाहिलं नसेल.

पातेलं मी खाली ठेवलं. मागच्या दाराशी लसूण सोलण्याचा आवाज थांबला होता.

मला आधी राग आला नाही. आधी किळस आली. नारळ फोडायला गाडी थांबली होती. काच धुवायला थांबली होती. तेव्हा हे बांधावर काळेनिळे पडत होते. आणि आता तोच माणूस मी शिजवलेल्या मटणाचा रस्सा भाकरीत मुरवत होता, बोटं चाटत होता, मध्येच थांबून गोष्टीला रंग भरत होता. माझ्या तोंडाचं रक्त सांगताना त्यानं आवाज बारीक केला. ते ह्यांचं रक्त होतं.

पेले वाजायला लागले. एवढे कधी वाजले नव्हते. शेठ म्हणाले, “मावशी, नळी आणा.”

मी वाटी घेऊन गेले. त्या दिवशी हात पदराखाली घेतला नाही. वाटी त्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि तिथंच उभी राहिले. माझ्या तोंडून शब्द आले तेव्हा मला वाटलं दुसरंच कोणी बोलतंय.

“साहेब, ती बाई कडंला हुभी व्हती का मधी?”

त्या टेबलावर बाई कधी बोलली नव्हती.

“मधोमध,” तो म्हणाला. “सांगितलं ना.”

“आन हात?”

“वर. दोन्ही हात वर होते. असे...” त्यानं स्वतःचे खरकटे हात वर करून दाखवले, आणि तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. वाटीवर माझी बोटं होती. तो बघत राहिला. मग त्यानं हात खाली घेतले आणि ताट हळूच स्वतःकडं ओढलं, जसं काही मी ते विटाळणार होते.

“ती मीच व्हते,” मी म्हणाले. “आमच्या मालकास्नी घोणस चावली व्हती. मी साप साप म्हनत व्हते.”

मग वकिलांनी टाळी वाजवली. “वा मावशी. आता ह्याला म्हणतात गोष्ट. राव, आपण इतकी वर्षं चुकीच्या माणसांना विचारत होतो.” सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. पाहुणाही हसला, पण सगळ्यांच्या नंतर. तो म्हणाला, “नाही नाही, ती हिच्यापेक्षा उंच होती. आणि तिला पाय नव्हते.” हे तो दोनदा म्हणाला, शेठकडं बघून.

“गुडघ्याइतका चिखल व्हता पायाला,” मी म्हणाले. ते कोणी ऐकलं नाही. वकील म्हणत होते, मावशी, जरा पाय दाखवा, खात्री करून घेऊ. आणि ते लोक खुर्च्या सरकवून, वाकून, टेबलाखालून माझ्या पायांकडं बघायला लागले. एवढे मोठे लोक. तोंडं अजून हलत होती, घास गिळलेले नव्हते. कापडवाले व्यापारी तेवढे उठून खिडकीशी गेले. तिथून बाहेर बघत राहिले.

शेठनी निवाडा केला. नियम म्हणजे नियम, आज नळी मावशीला. पुन्हा पेले वाजले. पाहुण्यानं वाटी स्वतःच माझ्याकडं सरकवली. ती मी घेतली. का घेतली ते मला अजून कळत नाही. कोणी काही दिलं तर घ्यायचं, एवढंच मला येतं.

स्वयंपाकघरात आले तेव्हा हे कुबडी घेऊन उभे होते. परातीत लसूण तसाच पडला होता.

“त्यानंच म्हनलं ना, दोन्ही हात?” ह्यांनी विचारलं.

“तुमी ऐकलं की.”

“ऐकलं,” हे म्हणाले, आणि फाटकाकडं गेले.

गाड्या निघायची वेळ झाली होती. मी मोरीच्या खिडकीतून बघत होते. वकिलांची गाडी फाटकाशी आली, पाहुणा पुढं बसला होता. ह्यांनी कुबडी काखेत धरून फाटक ओढलं, आणि गाडी जाईपर्यंत बाजूला उभे राहिले, रोजच्यासारखा सलाम केला. पँटचा रिकामा पाय वाऱ्यानं हलत होता. गाडीची काच बंदच होती.

मला त्या माणसाची बायको आठवत राहिली. थांबा म्हणाली होती ती. तिला मी पाहिलं असेल का? काचेत मला फक्त माझंच तोंड दिसलं असेल. एवढं मात्र खरं, की त्या सगळ्या गाड्यांमध्ये एका बाईला माझी गोष्ट न सांगता कळली होती.

घरी गेलो तेव्हा दिवस मावळायचा होता. आत्या ओट्यावर बसली होती. हे पायरीवर टेकले आणि कुबडी ठेवायच्या आधीच म्हणाले, “आई, तिनं हात केला व्हता. दोन्ही. रस्त्याच्या मधी हुभी व्हती.”

“कोन म्हनलं?”

“गाडीवाला म्हनला. आज आला व्हता शेठकडं.”

आत्यानं मान हलवली. “आसं व्हय,” ती म्हणाली. “गाडीवाला म्हनला म्हंजी केला आसंल बया. तो कशाला खोटं बोलंल.”

झालं. सहा वर्षांचं एवढ्यात मिटलं. त्यानं मला भूत समजून पळ काढला, हे हिनं विचारलंही नाही. तो का थांबला नाही, हेही नाही. मी सांगितलं होतं ते बाईचं बोलणं होतं. त्यानं पोटभर जेवताना सांगितलं ते खरं ठरलं. हेही खाली बघून बसले होते. त्यांना माझ्याकडं बघवत नव्हतं हे मला दिसत होतं, पण त्या वेळी मला त्यांची दया आली नाही. मला बरं वाटायला पाहिजे होतं. अंगावरून काहीतरी उतरायला पाहिजे होतं.

पिशवीत नळीचा डबा होता. आत्याला वास आला. तिनं विचारलं काय आणलंय, आणि मी सांगायच्या आधीच झाकण काढलं. आत्याला नळी फार आवडते. तिनं ती पितळीवर दोनदा आपटली, तोंडाला लावली आणि मगज ओढायला लागली. दात नाहीत तिला, त्यामुळं आवाज लई होतो. तर्री हनुवटीवरून गळ्यापर्यंत आली, लाल.

“ग्वाड हाय गं,” ती मला म्हणाली. किती वर्षांनी ती माझ्याशी नीट बोलत होती. “तू का घेत न्हाईस?”

मी पदरानं तिची हनुवटी पुसली, आणि मोरीत जाऊन पदर धुतला.